सायकलने कामाला जाताना



नागपूरहून बैतुलकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राची सीमा ओलांडतो तेव्हा पाट्यांवरची भाषा बदलते, माणसांची बदलत नाही. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिले आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा येथील व्यवहार. मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांचे नियतकालिक वाचणाऱ्यांना हा दुभाषी संसार वेगळा समजावून सांगायला नको.

या मुलखातील संत्र्यांविषयी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. गावातून तालुक्याला, शेतातून बाजाराला, घरून बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील कामाला सायकलने कसे जावे, आणि संध्याकाळी धडपणे घरी कसे यावे, एवढेच येथे पाहायचे आहे. विषय साधा असला तरी त्यात प्राणाची गोष्ट आहे, आणि पुष्कळदा शिक्षणाची आणि पोटाचीही.

सायकल कोठे अडते?

मध्यप्रदेश शासनाच्या निःशुल्क सायकल योजनेतून, शिकण्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागणाऱ्या ग्रामीण भागातील सहावीच्या आणि नववीच्या मुलामुलींना सायकली मिळतात. अशा योजनेचा परिणाम काय होतो, याचा चांगला अभ्यास बिहारात झाला आहे. तेथे २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आणि ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत होती. म्हणजे शाळा होती, मुलगी होती, मधले चार-पाच किलोमीटर तेवढे अडसर होते. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातही १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या आणि पाणी, बाजार, मजुरी ही कामे स्वतःच्या वेळेवर करू लागल्या.

आमच्याकडे मात्र एक विचित्र गोष्ट दिसते. नववीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालते आणि पुढे गोठ्याच्या भिंतीला टेकून बसते. कॉलेज तालुक्याला आहे, काम महामार्गाच्या पलीकडे आहे, बस वेळेवर येईलच असे नाही, मोटारसायकल घरात एकच आणि ती थोरल्या भावाची. मग मुलीला सांगितले जाते, ‘‘हायवेनं सायकल? नको बाई, घरीच राह्य.’’ या ‘नको’मागे माया आहे आणि भीतीही आहे. ती भीती खोटी नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. परंतु भीतीवर दोन उपाय असतात. एक घरी बसण्याचा, दुसरा शिकण्याचा. प्रस्तुत लेख दुसऱ्या उपायाचा आहे.

‘‘दिसलाच नाहीस!’’

एक अनुभव सांगतो. माझे विद्यार्थिदशेतील दिवस सौसर तालुक्यात गेले. एका हिवाळ्यात दिवस मावळल्यावर मी गावाकडे परतत होतो. अंगात काळे स्वेटर, सायकलला दिवा नाही, मागच्या मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा कधीच पडलेला. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि त्याचे चाक माझ्या कॅरिअरला घासून थांबले. मी शिव्या द्यायच्या तयारीत होतो. तो माणूस मात्र थरथरत उभा होता. एवढेच म्हणाला, ‘‘अबे, दिसलाच नाहीस ना तू मले!’’

तो खोटे बोलत नव्हता. पुढे मी त्याचा हिशेब केला, तो विज्ञान शाखेच्या मित्रांनी पडताळून पाहावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर चांगल्या ब्रेकनेही थांबायला आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. आता खाली केलेल्या दिव्याच्या उजेडात काळ्या कपड्यांतील माणूस दिसतो साधारण तीस मीटरवर. म्हणजे चालकाने सर्व काही बरोबर केले तरी गाडी थांबण्यापूर्वी सायकल येते! त्याच गाडीचा वेग ताशी ४० असेल तर थांबायला सुमारे २७ मीटर पुरतात. मला त्या संध्याकाळी वाचवले ते नशिबाने नव्हे. त्या गृहस्थाच्या कमी वेगाने.

यातून दोन धडे निघतात. वेग मोटारवाल्याच्या हाती आहे, दिसणे आपल्या हाती आहे. मागे लाल परावर्तक म्हणजे रिफ्लेक्टर, पायडलांना पिवळे परावर्तक, चाकांच्या आऱ्यांत एकेक, आणि मडगार्डवर परावर्तक पट्टी, एवढ्याने सायकल शंभर मीटरांहूनही लांबून चमकते. पायडलाचे परावर्तक वर-खाली हलतात. त्यावरून ‘ही सायकल आहे’ हे चालकाला तत्काळ उमगते. परंतु परावर्तक स्वतः प्रकाश देत नाही. समोरच्या गाडीला दिवा नसेल तर तो निरुपयोगी. म्हणून मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच. जुना डायनॅमो सायकल थांबली की विझतो, हे त्याचे वैगुण्य. बॅटरीचा लहान दिवा थांबल्यावरही जळतो. कपडा पांढरा किंवा फिकट असावा. आपल्याकडे डोक्याला बांधायचा पांढरा दुपट्टा उन्हासाठी असतो, तो अंधारातही उपयोगी पडतो. मात्र त्याची टोके खोचलेली असावीत. ओढणी किंवा दुपट्टा चाकात अडकून झालेले अपघात फार वाईट असतात. मुलींनी मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर आहे ना, हे पाहून घ्यावे.

निघण्यापूर्वी अर्धा मिनिट

हवा, ब्रेक, चेन, हे तीन शब्द पाठ करावेत. टायर अंगठ्याने दाबून पाहावा. सहज दबला तर हवा कमी आहे. हवा कमी असलेली सायकल जड चालते, वळणावर डगमगते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडून पंक्चर होते. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. पुष्कळ मुले पुढचा ब्रेक काढूनच टाकतात, ‘‘पुढचा मारला तर तोंडावर पडतो’’ म्हणतात. हा समज अर्धवट आहे. ब्रेक लागताच शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची खरी शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तो एकदम न आवळता, मागच्याबरोबर, हळूहळू दाबायचा असतो, आणि त्याच वेळी अंग थोडे मागे घ्यायचे असते. हे मैदानावर दहा वेळा करून पाहिले की हाताला आपोआप येते.

चेन सैल असेल तर ती नेमकी चढावर किंवा रस्ता ओलांडताना उतरते. महिन्यातून एकदा पुसून तेल द्यावे. सीटची उंचीही महत्त्वाची. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. शाळेत असताना लावलेली सीट कॉलेजात तशीच ठेवून पुष्कळजण गुडघे दुखवून घेतात आणि दोष सायकलला देतात.

रस्त्यावरील आपली जागा

सायकल डावीकडून चालवावी, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु डावीकडे म्हणजे डांबराच्या अगदी काठावर नव्हे. तेथे खडी असते, डांबर तुटलेले असते, आणि पुढच्या खड्ड्याला चुकवताना अचानक उजवीकडे यावे लागते. हे अचानक येणेच घातक आहे. काठापासून दीड-दोन हात अंतर ठेवून सरळ रेषेत चालावे. उभ्या गाड्यांच्या रांगेत मध्येच शिरू नये, मध्येच बाहेर येऊ नये. आणि दार उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवावे. मागून येणाऱ्याला ‘ही सायकल पुढच्या क्षणी कोठे असेल’ हे कळले पाहिजे. आत्मविश्वासाने चालवणे ते हेच. वेगाने चालवणे म्हणजे आत्मविश्वास नव्हे.

पांढुर्ण्याजवळून जाणारा नागपूर–बैतुल महामार्ग चौपदरी आहे. मध्ये दुभाजक असल्याने पलीकडे जायला लांबचा वळसा पडतो; म्हणून कित्येकजण विरुद्ध दिशेनेच सायकल दामटतात. त्यांचा युक्तिवाद असा, की समोरून येणारी गाडी निदान दिसते तरी. पायी चालणाऱ्याला तो लागू आहे. तो एका पावलात बाजूला होतो. सायकलला तसे जमत नाही. सायकलचा वेग ताशी १५ आणि गाडीचा ६० धरा. एकाच दिशेने जाताना दोघांमधील अंतर ताशी ४५ च्या वेगाने कमी होते, विरुद्ध दिशेने जाताना ७५ च्या. शंभर मीटर अंतर पहिल्या स्थितीत आठ सेकंदांत सरते, दुसऱ्या स्थितीत पाच सेकंदांच्या आत. आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे टक्कर झालीच तर ती पावणेतीन पट जबर. शिवाय फाट्यावरून रस्त्यावर येणारा चालक उजवीकडे पाहून येतो. डावीकडून सायकल येईल, हे त्याच्या मनातही नसते. चार मिनिटांच्या वळशासाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

वळताना

उजवीकडे वळणे हा सायकलस्वाराचा सर्वांत नाजूक क्षण. त्याचा क्रम असा: आधी मागे पाहणे, मग उजवा हात आडवा दाखवणे, मग पुन्हा पाहणे, आणि मगच हळूहळू मध्याकडे सरकणे. हात दाखवला म्हणजे रस्ता मिळाला, असे नाही. हात ही विनंती आहे. महामार्गावर तर हा प्रयोगच नको. डावीकडे थांबावे, उतरावे, आणि पादचाऱ्याप्रमाणे सायकल हाती धरून दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा. यात कमीपणा मुळीच नाही.

मागे पाहताना हँडल त्याच बाजूला ओढले जाते, ही नवशिक्यांची अडचण. त्यासाठी कॉलेजच्या मैदानावर एक खेळ करावा. चुन्याची सरळ रेघ आखावी. मित्राने मागे उभे राहून बोटे दाखवावीत. सायकलस्वाराने रेघ न सोडता वळून पाहावे आणि किती बोटे ते सांगावे. आठवडाभरात मान वळते आणि चाक वळत नाही.

पांढुर्णा दिल्ली–चेन्नई रेल्वेमार्गावर आहे आणि सौसरवरून नागपूर–छिंदवाडा मार्ग जातो. जेथे रूळ रस्त्यातून जातात तेथे ते काटकोनात ओलांडावेत; तिरपे गेल्यास चाक फटीत शिरते. पावसात तर उतरूनच जावे.

ट्रक, ट्रॉली आणि बंडी

संत्र्यांचा आंबिया बहार हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. त्या दिवसांत या रस्त्यांवर भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि बैलबंड्याही असतात. मोठ्या गाडीविषयी एकच सूत्र ध्यानात ठेवावे: तुम्हाला चालकाचा आरसा दिसत नसेल तर चालकाला तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला चालकाच्या नजरेआडचा मोठा पट्टा असतो. ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत कापत येतात. म्हणून फाट्यावर थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नये; त्याच्या मागे थांबावे.

चढावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात धरून फुकटात जाण्याची आपल्याकडील मुलांना मोठी हौस. ट्रॉली खड्ड्यात हेलपाटली किंवा ट्रॅक्टरने गिअर बदलताना हिसका दिला, की सायकल थेट चाकाखाली जाते. माझ्या पिढीने हे पुष्कळ केले. जे वाचले तेच आज त्याच्या गमती सांगतात, हे विसरू नये. आणि रात्री बिनदिव्याची ट्रॉली किंवा बंडी रस्त्यातच उभी असू शकते, म्हणून स्वतःच्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. आपण दुसऱ्यांकडून जी अपेक्षा करतो तीच येथे आपल्याला लागू पडते.

ऋतूंचे नियम

पावसाळ्यात शेतातून येणारे ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणून टाकतात. तिच्यावर पाणी पडले की रस्ता साबणासारखा होतो. तेथे ब्रेक मारू नये, वळू नये, आधीच वेग कमी करून सरळ जावे. आपल्या साध्या सायकलींच्या लोखंडी चकचकीत रिमा ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांवर घसरते आणि थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलके टेकवून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. ‘‘गुडघाभरच तर आहे’’ हे वाक्य फार घातक आहे. वाहते गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला लोळवते, आणि सायकल हाती असेल तर पाण्याला धरायला आणखी एक वस्तू मिळते. त्या दिवशीची हजेरी बुडाली तरी चालेल.

उन्हाळ्यात दुपारची लू टाळावी. पाणी पिऊन निघावे, पाणी जवळ ठेवावे, डोके झाकावे. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी आणि बागांतून धुके उतरते. तेव्हा दिवसाही दिवा लावावा.

हेल्मेट आपल्या देशात सायकलस्वाराला कायद्याने सक्तीचे नाही. तथापि निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत ते घातल्याने डोक्याच्या गंभीर दुखापती निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे आढळले आहे. शक्य असेल त्याने घ्यावे. ज्याला आज शक्य नाही त्याने म्हणून सायकल सोडू नये. दिवा आणि ब्रेक मात्र उद्यावर टाकू नये.

धीर कसा येतो?

धीर उपदेशाने येत नाही, सरावाने येतो. नव्याने सायकलने जाऊ इच्छिणाऱ्याने पहिला आठवडा मैदानावर घालवावा: थांबणे, मागे पाहणे, एका हाताने चालवणे. दुसऱ्या आठवड्यात गावातील रस्ते. मग एका रविवारी सकाळी, वर्दळ नसताना, कामाच्या ठिकाणापर्यंत एकदा जाऊन यावे. खड्डे कोठे, फाटे कोठे, पंक्चरचे दुकान कोठे, अंधार कोठे लवकर पडतो, हे वहीत लिहून ठेवावे. महामार्गाला समांतर गावरस्ता असेल तर तो एक-दोन किलोमीटर लांब पडला तरी तोच निवडावा. आठ किलोमीटर अंतर सावकाश चालवूनही ३५-४० मिनिटांत कापले जाते. त्याच अंतराला पायी पावणेदोन तास लागतात, आणि बसची वाट पाहण्यातच कधी तेवढा वेळ जातो. पहिले काही दिवस दोघे-तिघे मिळून जावे, मात्र एकामागे एक. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाण्यासाठी कॉलेजचे आवार आहे.

प्राध्यापक बंधुभगिनींना एक विनंती. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांसाठी ये-जा करणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. एवढ्या मोठ्या वर्गासाठी रस्त्याच्या कडेला चांगली पट्टी असावी, फाट्यांवर दिवे असावेत, वेगाला आळा असावा, ही मागणी अवास्तव नाही. सगळा भार सायकलस्वाराच्या सावधगिरीवर टाकून मोकळे होणे न्यायाचे नव्हे. तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका रविवारी कॉलेजातील सर्व सायकली रांगेत उभ्या कराव्यात. ब्रेक तपासावेत, हवा भरावी, मागे परावर्तक पट्टी चिकटवावी. खर्च फार येत नाही.

आणि पालकांनाही सांगावेसे वाटते. मुलीने ‘‘सायकलनं जाऊ का?’’ असे विचारले, तर लगेच ‘नको’ म्हणू नका. तिला विचारा: ब्रेक पाहिलास का, दिवा आहे का, मागे वळून पाहता येते का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर गोठ्याच्या भिंतीची ती सायकल तुम्हीच पुसून तिच्या हाती द्या. एखाद्या रविवारी तिच्यामागे स्वतःही सायकलने जाऊन या. रस्ता तुमच्याही ओळखीचा होईल, आणि तुमची भीतीही थोडी कमी होईल.